पंधरा हजार रुपयांचे संरक्षण

नकाशा उघडून इराणच्या आखाताच्या अगदी वरच्या टोकावर बोट ठेवा. उत्तरेला इराक, दक्षिणेला सौदी अरेबिया, आणि या दोन दांडग्या शेजाऱ्यांच्या मधे एक लहानसा कोपरा दिसेल. हे कुवेत. तेलामुळे आज हे नाव कोणाला ठाऊक नाही? पण मला येथे सांगायचे आहे ते तेलाविषयी नव्हे. इथले तेल पहिल्यांदा जहाजावर चढले त्याच्या सत्तेचाळीस वर्षे आधी, २३ जानेवारी १८९९ रोजी, कुवेतच्या शेखाने एका कागदावर सही केली आणि त्याबद्दल त्याला रोख पंधरा हजार रुपये मिळाले. रुपये, बरे का! पौंड नव्हेत की तुर्की लिरा नव्हेत. हिंदुस्थान सरकारचे, बुशहरच्या खजिन्यातून आलेले रुपये. त्या कागदाच्या आधारावर पुढे बासष्ट वर्षे कुवेत इंग्रजांच्या ‘संरक्षणाखाली’ राहिले. आता संरक्षण म्हटले म्हणजे प्रश्न येतोच की ते कोणाचे, आणि कोणापासून? या एका प्रश्नाचा धागा धरून आपण ही हकीकत पाहू.

कूत म्हणजे कोट, गढी. आणि कुवेत म्हणजे छोटीशी गढी. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात अरबस्तानच्या अंतर्भागातून निघालेली उतूब जमातीची काही घराणी या किनाऱ्यावर येऊन वसली. त्यांतल्या सबाह घराण्याकडे गावाची प्रमुखी आली, आणि ती आजतागायत त्याच घराण्यात आहे. जमीन म्हणाल तर वाळू. गोडे पाणीसुद्धा पुरेसे नाही. विसाव्या शतकात गाव वाढले तेव्हा पिण्याचे पाणी शत्त-अल-अरब नदीतून गलबतांत भरून आणावे आणि गावात विकावे, अशी पाळी आली. मग माणसे जगत होती कशावर? समुद्रावर. उन्हाळाभर मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारायच्या. तो हंगाम सरला की बसऱ्याकडचा खजूर ‘बूम’ जातीच्या मोठ्या गलबतांत भरून कराची, मुंबई, मलबार गाठायचे. परत येताना तांदूळ, मसाले, कापड आणि सागाचे लाकूड. कुवेतमध्ये सागाचे एक झाड नाही, पण तिथले गलबते बांधणारे सुतार साऱ्या आखातात नावाजलेले, आणि त्यांच्या हातचे लाकूड मलबारच्या रानातले! मोत्यांचा मोठा बाजार आपल्या मुंबईत असे. कुवेती व्यापाऱ्यांच्या पेढ्याही मुंबईत होत्या. सांगायचे तात्पर्य, हा गाव वाळवंटाकडे पाठ आणि हिंदुस्थानाकडे तोंड करून बसलेला होता.

एक गोष्ट मात्र येथेच ध्यानात ठेवा. गावाचा पैसा होता तो व्यापाऱ्यांचा. शेखाला पैसा लागला की त्याने त्यांच्याकडे मागायचा, आणि ज्याच्याकडे मागायचे त्याचे थोडेबहुत ऐकावेही लागते. पुढे हे गणित कसे उलटले ते पाहू.

कुवेत कोणाचे, या प्रश्नाला त्या काळी सरळ उत्तर नव्हते. १८७१ साली बगदादचा वाली मिधत पाशा याने आखाताच्या पश्चिम किनाऱ्यावर स्वारी केली, तेव्हा कुवेतच्या शेखाने त्याला मदत केली आणि तुर्की सुलतानाकडून ‘कायमकाम’ म्हणजे तालुक्याच्या अंमलदाराचा किताब घेतला. तुर्की झेंडा कुवेतवर फडकत होता. पण गावात तुर्की शिबंदी नव्हती आणि नियमित कर कोणी भरत नव्हते. तुर्कांनी म्हणावे, गाव आमचा. शेखाने म्हणावे, होय महाराज. आणि दोघांनीही आपापले काम करावे! इंग्रजांचे म्हणाल तर आखातावर त्यांची नजर जुनीच होती. बुशहरला त्यांचा रेसिडेंट बसे आणि १८७३ पर्यंत तो मुंबई सरकारच्या हुकमतीत होता. त्यानंतर तो थेट हिंदुस्थान सरकारकडे गेला. दक्षिणेकडच्या अनेक शेखांशी १८२० पासून इंग्रजांचे तह झालेले होते. कुवेत मात्र त्या माळेत ओवलेले नव्हते.

ते ओवले गेले एका खुनामुळे. १८९६ च्या मे महिन्यात मुबारक नावाच्या सबाह घराण्यातील पुरुषाने आपले दोन भाऊ, मुहम्मद आणि जर्राह, यांना ठार केले आणि गादी बळकावली. मुहम्मद हाच त्या वेळी शेख होता. मारल्या गेलेल्या भावांची मुले बसऱ्याच्या आश्रयाला गेली. युसुफ अल-इब्राहीम नावाचा एक धनाढ्य व्यापारी त्यांच्या पाठीशी उभा राहिला आणि तुर्कांच्या दरबारी मुबारकविरुद्ध खटपटी सुरू झाल्या. मुबारकला संरक्षण हवे होते ते यांच्यापासून: आपल्या पुतण्यांपासून, आणि पुतण्यांचे निमित्त करून तुर्की फौज गावात उतरली तर तिच्यापासून. १८९७ साली त्याने इंग्रजांकडे तशी विनंती केली. इंग्रजांनी ती नाकारली. भाऊ मारून गादीवर आलेल्या माणसाच्या पाठीशी उभे राहण्यात त्यांना तेव्हा काही लाभ दिसत नव्हता.

लाभ दिसला तो दीड-दोन वर्षांनी. काउंट काप्निस्त या रशियन गृहस्थाने भूमध्य समुद्रापासून कुवेतपर्यंत रेल्वे टाकण्याची योजना पुढे केली. जर्मनांच्या मनातही बगदादची रेल्वे आखाताला आणून भिडवण्याचे होते, आणि आखाताच्या त्या टोकाला चांगले नैसर्गिक बंदर म्हणजे कुवेतचेच. त्याच सुमारास, जानेवारी १८९९ मध्ये, लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय होऊन कलकत्त्याला आले. हिंदुस्थानच्या समुद्रमार्गावर दुसऱ्या कोणा युरोपीय सत्तेने ठाणे करावे, ही कल्पना त्यांना मुळीच सहन होणारी नव्हती. मुबारकचा अर्ज मग दप्तरातून बाहेर निघाला. बुशहरचा रेसिडेंट कर्नल मीड कुवेतला आला आणि गुपचूप सही झाली.

त्या कागदात काय होते? शेखाने आपल्या आणि आपल्या वारसांच्या वतीने दोन वचने दिली. ब्रिटिश सरकारच्या परवानगीवाचून कोणत्याही परराष्ट्राचा वकील किंवा प्रतिनिधी कुवेतमध्ये घ्यायचा नाही. आणि आपल्या मुलखाचा कोणताही भाग परक्या सरकारला किंवा परक्या प्रजाजनाला द्यायचा नाही, विकायचा नाही, भाड्याने वा गहाण ठेवायचा नाही. बदल्यात मीडने एक पत्र दिले: शेख व त्याचे वारस या अटी पाळतील तोवर ब्रिटिश सरकारची सदिच्छा व मध्यस्थी त्यांच्यासाठी राहील. आणि हे सारे गुप्त ठेवायचे.

आता आपल्याकडचा वसईचा तह आठवा. १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज घेतली, तिच्या खर्चाला मुलूख तोडून दिला आणि इतर सत्तांशी परभारे व्यवहार करणार नाही असे कबूल केले. कुवेतच्या कागदात यांतले शेवटचे तेवढे कलम आहे. फौज नाही, मुलूख नाही, आणि मजा अशी की ‘संरक्षण’ हा शब्दसुद्धा नाही! ज्यासाठी मुबारकने सारा खटाटोप केला तेच नेमके लिहिलेले नव्हते. इंग्रजांना तुर्कांशी उघड वाकडे घ्यायचे नव्हते. म्हणून मुबारकला बांधून घेतले आणि स्वतः मोकळे राहिले. पंधरा हजार रुपये म्हणजे त्या वेळच्या भावाने साधारण एक हजार पौंड. माझ्या मते हा सौदा इंग्रजांना फार स्वस्तात पडला. पण मुबारक फसला असेही म्हणवत नाही. कारण त्या अपुऱ्या कागदाचे त्याने जे करून दाखवले ते भल्या मोठ्या तहाने झाले नसते.

१९०१ हे साल पाहा. मार्च महिन्यात मुबारक वाळवंटात हाइलच्या इब्न रशीदवर चालून गेला आणि सरीफच्या लढाईत सपशेल हरला. तुर्कांना संधी आली. त्यांची ‘झुहाफ’ नावाची युद्धनौका कुवेतच्या बंदरात येऊन उभी राहिली. पण तिथे इंग्रजांची ‘पर्सियस’ आधीच हजर होती आणि फौज उतरवू दिली जाणार नाही असे तुर्की कप्तानाला बजावण्यात आले. लढवय्या म्हणून हरलेला शेख कागदाच्या जोरावर गादीवर टिकला. त्याच्या आश्रयाला त्या वेळी रियाधच्या गादीवरून उखडलेले एक घराणे राहत होते. त्यातला अब्दुल अझीझ हा तरुण कुवेतहून निघाला आणि जानेवारी १९०२ मध्ये त्याने रियाध परत घेतले. सौदी राज्याचा हाच संस्थापक. कुवेतच्या अन्नावर वाढलेला हा पाहुणा पुढे कुवेतला किती महागात पडणार होता, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नसेल.

मग कर्झनसाहेब १९०३ च्या नोव्हेंबरात आरमार घेऊन स्वतः कुवेतला आले आणि त्यांनी मुबारकला मानाची तलवार दिली. १९०४ साली नॉक्स हा पहिला पोलिटिकल एजंट गावात राहायला आला. १९०७ साली शुवैख येथली किनाऱ्याची जागा इंग्रजांनी भाड्याने घेतली. भाडे दरसाल साठ हजार रुपये. मुबारक आता दर ठरवायला शिकला होता! १९१३ साली आणखी एक चिठ्ठी त्याने लिहून दिली: आपल्या मुलखात तेल असल्यास ब्रिटिश सरकार नेमील त्याच्याखेरीज इतर कोणाला त्याचा मक्ता देणार नाही. जमिनीखाली काय आहे हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते. ही चिठ्ठी लिहायला मुबारकला पैसा पडला नाही आणि लिहून घ्यायला इंग्रजांनाही पडला नाही.

त्याच वर्षी जुलैत लंडनला इंग्रज आणि तुर्क यांच्यात एक करार झाला. त्यात कुवेत हा तुर्की साम्राज्यातला स्वायत्त तालुका ठरला; शेखाने तुर्की झेंडाच लावावा, हवे तर त्यावर ‘कुवेत’ असे लिहावे! गावाभोवती एक आतले आणि एक बाहेरचे अशी दोन वर्तुळे आखून शेखाच्या सत्तेची हद्द सांगितली गेली. ज्याच्याविषयी हे ठरत होते तो मुबारक बोलणीत कोठेच नव्हता. या करारावर शेवटची मोहोर उमटली नाही, कारण वर्षभरात महायुद्ध पेटले. ३ नोव्हेंबर १९१४ च्या पत्राने इंग्रजांनी कुवेतला ‘ब्रिटिश संरक्षणाखालील स्वतंत्र राज्य’ म्हणून मान्यता दिली. पंधरा वर्षांनी तो शब्द अखेर कागदावर आला. त्याच पत्रात शेखाच्या फाव आणि आसपासच्या खजुराच्या बागा त्याच्या घराण्याकडे करमुक्त राहतील असेही वचन होते. पुढे या बागा इराकच्या हद्दीत गेल्या, तिथल्या कचेऱ्यांत दावे उभे राहिले आणि त्या वचनाचे घोंगडे वर्षानुवर्षे भिजत पडले. मुबारक मात्र १९१५ साली वारला. कुवेतमध्ये त्याला ‘थोर मुबारक’ म्हणतात.

संरक्षणाची खरी परीक्षा त्याच्यामागे झाली. १९१८ साली तर संरक्षण करणाऱ्यांनीच कुवेतची नाकेबंदी केली. गावातून तुर्कांकडे माल जातो असा त्यांचा संशय होता. १९२० च्या ऑक्टोबरात इब्न सौदच्या इखवान टोळ्या कुवेतपासून जवळच असलेल्या जहरा गावावर तुटून पडल्या. शेख सालिम तिथल्या लाल किल्ल्यात कोंडला गेला. इंग्रज जहाजे आणि विमाने आली, पण जहरा लढवला होता तो कुवेतच्या माणसांनी. त्याच वर्षी धोका दिसताच गावकऱ्यांनी काही महिन्यांत साऱ्या गावाभोवती मातीचा तट उभा केला होता.

आणि मग १९२२ सालचे उकैर. हे प्रकरण जरा सावकाश पाहण्यासारखे आहे. इराक, नज्द आणि कुवेत यांच्या सीमा ठरवण्यासाठी आखाताच्या किनाऱ्यावर तंबू ठोकले गेले. इब्न सौद जातीने हजर. इराकचा प्रतिनिधी हजर. कुवेतच्या बाजूने कोण? तर मेजर मोर, म्हणजे कुवेतमधला इंग्रज एजंट! शेख अहमद आपल्या गावीच होता. पाच-सहा दिवस वाद चालल्यावर सर पर्सी कॉक्स यांनी तांबडी पेन्सिल उचलली आणि नकाशावर रेघ मारली. इब्न सौदचा मुलूख इराकला देण्यात आला होता. त्याची भरपाई म्हणून कुवेतच्या बाहेरच्या वर्तुळातला जवळजवळ सारा मुलूख त्याच्या पदरात टाकला. कर्नल डिक्सन त्या वेळी तिथे हजर होते. त्यांच्या आठवणींप्रमाणे मोर यांनी साऱ्या बैठकीत तोंड उघडले नाही, आणि कॉक्स कुवेतला जाऊन शेखाला हा निकाल सांगू लागले तेव्हा त्यांच्या समर्थनाचा सारांश असा होता की इब्न सौदपाशी तलवार आहे, तिच्यापुढे कागद लंगडा पडतो. कर्झननी दिलेली मानाची तलवार कुवेतच्या वाड्यात तेव्हा कुठे टांगलेली होती कोण जाणे!

तेवीस वर्षे कुवेतने एकही अट मोडलेली नव्हती. परराष्ट्राशी बोलायचे नाही हे वचन शेखाने पाळले. आणि म्हणूनच बोलायची वेळ आली तेव्हा त्याला तोंड नव्हते. १८९९ च्या कागदाचा खरा अर्थ मला येथे उलगडतो. शेखाच्या गादीचे संरक्षण झाले. गावाच्या मुलखाचे झाले नाही.

यापुढची वर्षे वाईट गेली. इब्न सौदने आपल्या प्रजेला कुवेतशी व्यापार करू दिला नाही. जपानचे संवर्धित मोती बाजारात आले, १९२९ नंतर जगभर मंदी पसरली, आणि मोत्यांचा धंदा बसला. बुड्या मारणारे कर्जात बुडाले. अशा दिवसांत तेलाचा मक्ता मागणारे दोघे दारात आले: एक इंग्रजांची अँग्लो-पर्शियन कंपनी, दुसरी अमेरिकन गल्फ कंपनी. १९१३ च्या चिठ्ठीमुळे शेखाला एकच दार उघडे होते. पण अमेरिकन सरकारने आग्रह धरल्यावर इंग्रजांना वाटणी मान्य करावी लागली. शेख अहमदने दोघांना काही काळ झुंजत ठेवले, पुढे त्या दोघींनी निम्मी-निम्मी भागी केली, आणि २३ डिसेंबर १९३४ रोजी पंचाहत्तर वर्षांच्या मक्त्यावर सही झाली. सहीबद्दल चार लाख पंचाहत्तर हजार रुपये आणि तेल निघाल्यावर टनामागे तीन रुपये. म्हणजे मुबारकच्या कागदाच्या एकतिसांहून अधिक पट!

फेब्रुवारी १९३८ मध्ये बुर्गान येथे तेल लागले. त्याच वर्षी उन्हाळ्यात व्यापाऱ्यांनी चौदा जणांचे एक मंडळ निवडून आणले. जुना हिशोब त्यांच्या डोक्यात होता: शेखाने आम्हाला विचारून कारभार करावा. मंडळाने मक्तेदाऱ्या मोडल्या, काही जकाती उठवल्या, शाळांकडे लक्ष घातले. पण तेलाचा पैसा थेट शेखाच्या हाती येत होता आणि मंडळाची नजर त्यावरही गेली. डिसेंबरात शेखाने मंडळ बरखास्त केले. पुढच्या मार्चमध्ये रक्तही सांडले आणि काही पुढारी तुरुंगात गेले. इंग्रज एजंटाने आरंभी मंडळाकडे बऱ्या नजरेने पाहिले होते, परंतु ते मोडले जात असता त्याच्या बचावासाठी बोट हलवले नाही. आता शेखाला व्यापाऱ्यांच्या थैलीची गरज उरली नव्हती. मघाशी ध्यानात ठेवा म्हणालो ते हे.

युद्धामुळे विहिरी बुजवून ठेवल्या गेल्या आणि तेलाचे पहिले जहाज ३० जून १९४६ रोजी निघाले. गावाचा व्यवहार तेव्हाही हिंदुस्थानच्या नाण्यात चालत होता. १९१५ पासून तिथे आपले टपाल खाते होते. आपलीच तिकिटे, १९२३ पासून त्यांवर ‘कुवेत’ असा छाप मारलेली. एजंट हिंदुस्थानच्या पोलिटिकल खात्यातले. १९४७ साली आपण स्वतंत्र झालो आणि ही सारी यंत्रणा लंडनकडे गेली; रुपया मात्र मागे राहिला. सोन्याच्या चोरट्या व्यापारात आपले परकीय चलन झिरपू लागले तेव्हा १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. कुवेतमध्ये त्या जेमतेम दोन वर्षे चालल्या. एप्रिल १९६१ मध्ये कुवेती दिनार निघाला आणि रुपयाने तिथला निरोप घेतला.

दोन महिन्यांनी, १९ जून १९६१ रोजी, शेख अब्दुल्ला अल-सालिम आणि ब्रिटिश रेसिडेंट सर विल्यम ल्यूस यांनी पत्रांची देवघेव करून १८९९ चा करार रद्द केला. बरोबर सहा दिवसांनी इराकचे जनरल कासिम यांनी जाहीर केले की कुवेत हा बसरा प्रांताचा भाग आहे. जुन्या तुर्की अंमलदारीचे ते भूत पुन्हा उठले! मुबारक जर सुलतानाचा कायमकाम होता तर परक्यांना वचन देण्याचा अधिकार त्याला होता काय, हा इराकचा सवाल. १ जुलैला शेखाच्या विनंतीवरून ब्रिटिश फौजा उतरल्या, पुढे अरब लीगच्या फौजांनी त्यांची जागा घेतली. मे १९६३ मध्ये कुवेत संयुक्त राष्ट्रसंघात दाखल झाले आणि ऑक्टोबरात इराकनेही मान्यता दिली.

ती मान्यता २ ऑगस्ट १९९० ला इराकी रणगाड्यांखाली गेली. त्या धुमश्चक्रीत एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मुंबईला आणावे लागले. फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेत मुक्त झाले. मग सीमा जमिनीवर आखण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने आयोग नेमला, आणि आयोगापुढे आले १९२३ आणि १९३२ सालचे इंग्रजांच्या वेळचे पत्रव्यवहार. त्यांत हद्द सांगितलेली होती ती सफवान गावाच्या विहिरी आणि खजुराची झाडे यांच्या ‘थोडी दक्षिणेला’. इंग्रज एजंटाने एके काळी तिथे एक पाटी उभी केली होती. पाटी केव्हाच नाहीशी झाली होती. ती नेमकी कोठे असावी याचा शोध घेत आयोगाने रेषा पक्की केली, आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये इराकने ती मान्य केली.